भाच्याने धरलेले मनगट

पत्र : धनकवडीत माझे औषधांचे दुकान आहे. रात्री साडेदहाला शटर ओढून मी मागच्या इमारतीच्या पार्किंगमधून दुचाकी काढते. गेल्या महिन्यात एक धिप्पाड माणूस दोनदा तिथे जिन्याशी उभा दिसला. दुसऱ्या वेळी तो गेटपर्यंत माझ्या मागे चालत आला. घाबरून मी एका रविवारी दोन तासांच्या स्वसंरक्षण शिबिराला गेले. तिथे मनगट सोडवण्याची युक्ती मला छान जमली. घरी येऊन भाच्याला मनगट धरायला सांगितले. मी ४६ वर्षांची, पाच फूट उंच आणि ४८ किलोची. तो २४ वर्षांचा आणि ८८ किलोचा. मनगट सुटले तर नाहीच, उलट तो हसत हसत मला बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत ओढत घेऊन गेला. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ हे लहानपणापासून ऐकत आले आहे. ते खोटे मानायचे का? — एक वाचक, पुणे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचून मला शिबिराच्या प्रशिक्षकांपेक्षा तुमच्या भाच्याचे अधिक कौतुक वाटले. शिबिरात तुमचे मनगट धरणारी जोडीदार बहुधा तुमच्याच चणीची असणार, तुम्ही हात कोणत्या बाजूला फिरवणार हे तिला आधीच ठाऊक असणार, आणि तो फिरला की पकड सोडायची हा त्या खेळाचा न बोललेला नियम असणार. भाच्याला तो नियम कोणी सांगितला नव्हता, त्यामुळे त्याने धरले ते धरले. चाळीस किलोंचा फरक म्हणजे काय असते हे तुम्हाला घरातल्या घरात, अंगावर एकही ओरखडा न उमटता कळले, ही माझ्या मते त्या रविवारची खरी कमाई आहे.

मी बावीस वर्षे ज्युदो शिकवते आहे आणि त्याआधी ५२ किलोच्या गटात खेळत होते, त्यामुळे वजनाच्या बाबतीत भाबडेपणा मला कधीच परवडला नाही. स्पर्धेच्या हिशेबाने तुम्ही महिलांच्या सर्वांत हलक्या, ४८ किलोच्या गटात बसता आणि भाचा पुरुषांच्या ९० किलोच्या गटात. युक्तीने शक्तीवर सहज मात होत असती, तर युक्तीतच आयुष्य घालवलेल्या लोकांनी वजनाचे गट पाडलेच नसते, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अंतिम लढतीच्या दिवशी सकाळी वजन अवघे १०० ग्रॅम जास्त भरले म्हणून विनेश फोगाटला बाद व्हावे लागले नसते. जपानमधल्या, वजनाचे गट नसलेल्या राष्ट्रीय ज्युदो स्पर्धेत ८० किलोंच्या आसपासचे इसाओ ओकानो १९६७ आणि १९६९ मध्ये विजेते ठरले. आमच्या क्षेत्रात अजूनही त्यांचे नाव निघते ते असे क्वचितच घडते म्हणून, आणि ते तर १९६४ च्या ऑलिम्पिकचे सुवर्णपदक मिळवलेले खेळाडू होते.

तेव्हा म्हण खोटी नाही, पण ती अर्धीच वापरली जाते. युक्ती श्रेष्ठ ठरते ती, शक्ती जिथे एकवटली आहे तिथे तिच्याशी भिडायचे टाळते म्हणून. भाच्याची सगळी ताकद त्याच्या मुठीत होती आणि तुम्ही आपला दंड घेऊन नेमक्या त्या मुठीशी झुंजलात. तुमचा दुसरा हात, दोन्ही पाय आणि आवाज मोकळे होते. पण भाच्याच्या नडगीवर लाथ घालणे मावशीला शोभले नसते, म्हणून ते वापरले गेले नाहीत. शिवाय तुम्ही स्वतःपुढे ठेवलेला प्रश्न ‘याला हरवता येईल का’ असा होता. त्याला हरवता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पार्किंगमधून रस्त्यावरच्या उजेडापर्यंत पोहोचता येईल का, एवढेच तुम्हाला पाहायचे आहे, आणि त्याचे उत्तर पुष्कळ आशादायक आहे.

मनगटाकडे वळण्याआधी जिन्याजवळच्या त्या माणसाविषयी बोलणे भाग आहे. तो दिसला ते दोन्ही दिवस, वेळा आणि त्याचे वर्णन आजच कागदावर उतरवा आणि जवळच्या पोलीस चौकीत लेखी द्या. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खालचा गुन्हा आहे. तुमच्या बाबतीत तो सिद्ध होतो की नाही हे पुढचे पुढे, पण नोंद असली की तिसऱ्या वेळी तुमच्या बोलण्याला वजन येते. इमारतीच्या कॅमेऱ्यांचे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, म्हणून सोसायटीच्या सचिवांना ते जपून ठेवायला आताच सांगा. आणि दुचाकी साडेनऊलाच, बाजार जागा असताना, दुकानासमोर आणून लावा. धनकवडीत दुकानासमोर गाडीपुरती जागा मिळवणे हीसुद्धा एक लढाईच आहे याची मला कल्पना आहे, तरीही ही लढाई त्या दुसरीपेक्षा स्वस्त पडेल. गल्ल्यातली रक्कम रात्री अंगावर बाळगू नका. पर्स मागितलीच, तर ती हातात देऊ नका, लांब एका बाजूला फेका आणि स्वतः दुसऱ्या बाजूला पळा.

आता अंतराविषयी. मोठ्या माणसाची ताकद तुमच्यापर्यंत त्याच्या हातांतूनच पोहोचते, म्हणून दोन हातांपेक्षा जास्त अंतर असेतोवर त्याचे ८८ किलो तुमच्या काही कामाचे नाहीत आणि त्याच्याही नाहीत. अनोळखी माणूस ते अंतर तोडू लागला, तर दोन्ही हात छातीच्या उंचीवर आणून तळवे समोर धरा, एक पाय मागे घ्या आणि पोटातून आवाज काढून म्हणा, ‘थांबा, मागे व्हा.’ दुरून पाहणाऱ्याला हे हात विनवणीचे वाटतात, प्रत्यक्षात ते तुमच्या चेहऱ्यापुढे आणि हल्ल्यासाठी तयार असतात. मध्ये एखादी उभी मोटार असेल तर तिला वळसा घालत राहणे हा मला माहीत असलेल्या उत्तम डावांपैकी एक आहे, फक्त तो कोणी शिबिरात शिकवत नाही, कारण तो पाहायला रुबाबदार दिसत नाही. ओरडताना नुसते ‘वाचवा’ म्हणू नका. गर्दीत प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणीतरी जाईल. एकाकडे बोट करून, ‘अहो निळा शर्ट, ११२ ला फोन लावा,’ असे म्हटले की त्या निळ्या शर्टाला स्वतःची सुटका करून घेणे अवघड जाते. ओरडण्याचा आणखी एक उपयोग असा की भीतीने छातीत अडकलेला श्वास त्याबरोबर बाहेर पडतो. भीतीने शरीर थिजणे हा भित्रेपणा नसून शरीराची जुनी सवय आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत आवाज हीच ती मोडण्याची पहिली पायरी असते.

पकड बसलीच, तर तिची कच्ची बाजू म्हणजे अंगठा आणि बोटांची टोके जिथे मिळतात ती फट, हे शिबिरात सांगितले ते बरोबरच आहे. चूक त्यानंतर होते. हात लांब ताणून मागे खेचला की तुमचा एकटा दंड त्याच्या मुठीशी झगडतो आणि हरतो, कारण मागे खेचण्याच्या शर्यतीत जड माणूसच जिंकणार. म्हणून उलटे करा : त्याच्या दिशेने अर्धे पाऊल आत जा, कोपर आपल्या बरगडीला चिकटवा, मोकळ्या हाताने स्वतःचीच अडकलेली मूठ धरा आणि कंबर वळवून सगळे अंग त्या फटीच्या दिशेने झटक्यात फिरवा. म्हणजे त्याच्या एका अंगठ्याविरुद्ध तुमचे पूर्ण ४८ किलो लागतात. पण याही आधी त्याच्या नडगीवर बुटाच्या कडेने जोरात लाथ बसायला हवी. नडगीच्या हाडावर मांसाचे अस्तर नसते. त्याचे लक्ष तिकडे गेले की मुठीतली ताकद अर्धा क्षण तरी उतरते, आणि तुमचा हिसका त्या अर्ध्या क्षणात पडायला हवा. आधी इजा आणि मग सुटका, हा क्रम भाच्यावरच्या प्रयोगात गळाला होता.

कुठे मारायचे याविषयी बरेच गैरसमज आहेत. मूठ वळून ठोसा मारू नका. सराव नसलेल्या हाताचे करंगळीमागचे हाड अशा ठोशाने मोडते आणि मग दुचाकीचा ब्रेकही दाबता येत नाही. तळहाताचा मनगटालगतचा कठीण भाग खालून वर नाकावर किंवा हनुवटीवर बसवा. माणूस अगदी अंगाशी आला असेल, तर कोपर वापरा. जांघेतली लाथ प्रसिद्ध आहे, पण तिथला वार चुकवण्याची प्रत्येक पुरुषाला उपजत सवय असते आणि लाथेसाठी उचललेला पाय तुम्हाला एका पायावर उभे करतो. त्याने कवटाळलेले असताना गुडघा मारणे त्यापेक्षा बरे. दारूच्या नशेत वेदना बोथट होते, म्हणून केवळ दुखण्यावर विसंबू नये. डोळ्यांत बोटे गेली की नशा असो वा नसो, दिसणे थांबते. गळ्याच्या घाटीवरचा वार जीव घेऊ शकतो, तो जिवावर बेतले असेल तेव्हासाठीच ठेवा. आणि एक फटका मारून परिणाम पाहत उभ्या राहू नका. नवशिकी माणसे हमखास तिथेच थांबतात. तीन-चार वार सलग आणि लगेच पळ. घाबरल्यावर हात थरथरतात आणि बारीक बोटांची कामे जमत नाहीत, कुलपात किल्लीसुद्धा जात नाही, म्हणून मी तुम्हाला बोटे पिरगळण्याचे नाजूक पेच शिकवणार नाही.

गळा धरला तर मात्र बाकी सगळे विसरून आधी गळा सोडवा, कारण मानेच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की जेमतेम दहा सेकंदांत शुद्ध हरपू शकते. समोरून दोन्ही हातांनी गळा दाबला असेल, तर हनुवटी छातीकडे दाबा, खांदे वर उचला, आपल्या दोन्ही हातांनी त्याचा एकच अंगठा पकडून खाली उपसा आणि त्याच बाजूला अंग वळवा. मागून कोपराच्या बेचक्यात मान अडकवली असेल, तर हनुवटी त्या बेचक्यात वळवा म्हणजे घाटीवरचा दाब कमी होतो, आणि दोन्ही हातांनी त्याचा हात खाली ओढत गुडघे वाकवून आपले वजन सोडा. अशा प्रसंगातून सुटलात, तर मानेवर वळ नसला तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा; आतली सूज आणि रक्तवाहिनीची इजा काही तासांनीही उघडी पडू शकते. तुम्ही औषधांच्या व्यवसायात आहात, त्यामुळे हे मी तुम्हाला जास्त समजावत नाही.

जमिनीवर पडण्याची भीती सगळ्यांनाच वाटते, पण लहान चणीच्या माणसाला जमीन तितकी वाईट नसते. पाठीवर पडलात आणि तो अजून उभा असेल, तर पाय त्याच्याकडे करा, तो फिरेल तशा फिरत राहा आणि त्याच्या नडगीवर व गुडघ्यावर टाचा मारत राहा. मांड्या आणि कंबर हे तुमच्या शरीरातले सर्वांत बळकट स्नायू आता त्याच्या समोर आहेत. त्याच्याकडे पाठ करून उठू नका. तो पोटावर बसलाच, तर हातांनी त्याची छाती ढकलण्यात ताकद घालवू नका, तिथे तुम्ही नक्की हरता. टाचा नितंबांजवळ ओढा आणि कंबर एकदम वर फेका. तोल सावरायला तो हात पुढे टेकवील. तो हात मिठीत पकडा, त्याच बाजूचे त्याचे पाऊल आपल्या पायाने अडवा आणि त्याच बाजूला लोळा. टेकू काढलेली शिडी कोसळते तसा तो कोसळतो. माझ्या वर्गात ५० किलोच्या मुली ८० किलोच्या मुलांना असे रोज लोळवतात. पण हे त्यांना पाच-सहा आठवडे घाम गाळल्यावर जमते, वाचून मुळीच जमत नाही.

हातातल्या वस्तूंविषयी थोडक्यात लिहिते. बोटांच्या बेचक्यांत किल्ल्या धरण्याचा सल्ला कोणी दिला असेल तर तो विसरा; वार बसताच किल्ली फिरते, आपलाच तळवा फाटतो, आणि दुचाकी सुरू करायला लागणारी किल्ली नेमकी तेव्हाच वाकडी होते. आपल्या पुण्यात डोक्याला आणि तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ हा जणू गणवेशच झाला आहे, पण त्याची टोके मागे लोंबत ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या हातात दोरी देणे आहे; तो दुचाकीवर बसल्यानंतर बांधा. हेल्मेट गाडीपाशी जाईपर्यंत डोक्यावर घालू नका, कारण त्याने ऐकू कमी येते आणि बाजूचे दिसत नाही. ते दोन्ही हातांनी पोटाशी धरा आणि वेळ आली तर समोरच्या तोंडावर ढकला. मिरपुडीच्या फवाऱ्याला परवाना लागत नाही, परंतु तो पर्सच्या तळाशी असेल तर नसल्यातच जमा आहे. तो हातात हवा, वाऱ्याची दिशा लक्षात हवी, आणि औषधांप्रमाणेच त्याच्याही डबीवरची मुदत पाहायला हवी. चाकू बाळगू नका. तो तुमच्यापेक्षा बलवान हातात जाण्याची शक्यता जास्त, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली शहरात शस्त्रबंदीचे आदेश निघत असतात, त्यात तुम्हीच अडकाल.

‘मी मारले आणि त्याला काही झाले तर?’ हा प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, पण तो मनात असला की हात अडखळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची आहेत. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते आणि धोका संपला की हक्कही संपतो. म्हणजे तो पळू लागल्यावर मागे धावून मारणे हा बचाव नव्हे. मात्र मृत्यूची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची किंवा अंगावर ॲसिड फेकले जाण्याची वाजवी भीती असेल, तर कलम ३८ हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत विस्तारते. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की जिवाच्या भीतीत सापडलेल्या माणसाने आपला प्रतिकार अंकगणिती काटेकोरपणे मोजून मापून करावा अशी अपेक्षा करता येत नाही. सुटल्यावर ११२ ला पहिला फोन तुमचा असू द्या. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर आता कायद्याला मान्य नाही.

शिबिराविषयी माझे मत कडक आहे. दोन तासांत उत्साह येतो, सवय लागत नाही. परंतु त्यासाठी काळा पट्टाच हवा असेही नाही. कॅनडातल्या तीन विद्यापीठांमधल्या ८९३ विद्यार्थिनींवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्यांना एकूण १२ तासांचे प्रशिक्षण दिले होते आणि उरलेल्यांना केवळ माहितीपत्रके. पुढच्या वर्षभरात बलात्काराचे प्रमाण दुसऱ्या गटात ९.८ टक्के, तर प्रशिक्षित गटात ५.२ टक्के आढळले. मला त्यातली लक्षणीय गोष्ट अशी वाटते की त्या १२ तासांत हातपाय चालवण्याचा भाग थोडा होता. धोका लवकर ओळखणे आणि ओळखीच्या माणसाला मोठ्याने ‘नाही’ म्हणताना आड येणारा स्वतःचा संकोच मोडणे यावर भर होता. जिन्याजवळचा अनोळखी माणूस आपल्याला दिसतो, ओळखीचा दिसत नाही.

वर्ग निवडताना तुमच्या वयाला भिऊ नका. ४६ हे ज्युदो सुरू करायला मुळीच उशिराचे वय नाही, फक्त गुडघ्यांविषयी डॉक्टरांशी बोलून घ्या. आधी एक दिवस नुसत्या बसून पाहा. पेठांतल्या जुन्या तालमींत वस्ताद डाव सांगतो आणि लगेच दोन पोरांना लाल मातीत भिडवतो, आणि समोरचा पोरगा डाव बसू देत नाही. तसा खरा विरोध तुम्ही पाहत असलेल्या वर्गात होतो का, आणि हलक्या मुलींना जड जोडीदार मिळतात का, एवढे पाहिले तरी पुरे. सगळेच जण हवेत हात फिरवत असतील आणि प्रत्येक वेळी प्रत्येक जण सुटत असेल, तर परत या. पहिले दोन महिने तुम्हाला बहुतेक पडायलाच शिकवतील, त्याचा कंटाळा करू नका. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला ते पार्किंगमध्ये कधीच लागले नाही, ओल्या न्हाणीघरात मात्र लागले.

तोवर भाच्याला पुन्हा बोलवा. या वेळी त्याच्या पायांना क्रिकेटचे पॅड बांधा, डोक्यावर हेल्मेट द्या, आणि ‘बस’ म्हटले की दोघांनीही थांबायचे असे ठरवून घ्या. तुम्ही भांडी लावत असताना कधी आणि कुठून धरायचे ते त्याने ठरवावे. डोळे आणि गळा सोडून तुम्हाला पॅडवर लाथा, अंगावर कोपर आणि घरभर ओरडणे यांची मुभा असेल. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा. मनगट सुटते का हे पाहू नका. घड्याळ लावून, त्याने धरल्यापासून तुमचा हात बाहेरच्या दाराच्या कडीला लागेपर्यंत किती सेकंद जातात ते दहा वेळा मोजा आणि ते दहा आकडे मला लिहून पाठवा.